उलट्या चाकांचं इंजिन

आत्याला राग यायला मोठं कारण लागत नसे, आणि एकदा आलेला राग जायला कितीही मोठं कारण दिलं तरी ते पुरत नसे. भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून गल्लीतले सगळेच म्हणू लागले. अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शेजारचा घड्याळजीसुद्धा.

इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात ती एकतीस वर्षं ट्रेसर होती. इंजिनिअर मंडळींनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघ न् रेघ, आकडा न् आकडा शाईने उतरवून घ्यायचा, हे तिचं काम. एकदा एका बड्या साहेबाच्या नकाशात वरून पाहिलं तर चार भोकं आणि बाजूने पाहिलं तर पाच, असा प्रकार होता. तिने तो उतरवायला नकार दिला. साहेब म्हणाले, तुमचं काम उतरवायचं. ती म्हणाली, बरोबर असेल ते उतरवायचं. पाठीमागे सगळे तिला 'अर्धा मिलिमीटर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. तिच्या मते ते नाव जरा सैलच होतं.

लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, त्याच कारखान्यात फिटर होता. वहिनी गेल्यावर दोघं भावंडं आणि दादाची लेक अशी तिघं एका घरात राहू लागली. मागच्या खोलीत दादाचं लेथ होतं, आणि त्या लेथवर त्याने नऊ वर्षं खपून एक वाफेचं इंजिन केलं होतं. लांबी हातभर, पण खऱ्याची सही सही नक्कल. पितळी बॉयलर, पोलादी दांडे, दट्ट्या आत-बाहेर सरकला की चाक फिरणार. मोठ्या चाकांना प्रत्येकी बारा आरे, आणि प्रत्येक आरा हाताने कानस मारून बारीक केलेला.

फक्त ते चालत नव्हतं. खऱ्या वाफेवर चालवायचं तर बॉयलरचे सांधे वितळलेल्या चांदीच्या झाळणाने भरायला हवे होते, आणि ते काम दादाने शेवटासाठी राखून ठेवलं होतं. शेवट आला तेव्हा त्याच्या हातांना कंप सुटला. आधी उजव्या, मग दोन्ही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, पण हात होते तसेच. दुसऱ्या कुणाकडून सांधे भरून घ्या, असं भाची म्हणाली, तर दादाने मान फिरवली. नऊ वर्षांत त्या इंजिनाला परक्याचा हात लागला नव्हता. मग ते टेबलावर फडक्याखाली बसून राहिलं. दादा रोज फडकं उचलायचा, बघायचा, आणि परत झाकायचा. हे आत्याने दोन वर्षं पाहिलं.

एक दिवस ती म्हणाली, "वाफेवर नाही चालत ना? मग फोटोंवर चालवू."

दादाला वाटलं, बहिणीचं डोकं फिरलं. पण तिने सगळं आधीच कागदावर मांडलं होतं. पुठ्ठ्याचे डबे करायचे, तसाच फलाट आणि बोगदा. इंजिन रुळावर ठेवायचं, एक फोटो काढायचा. केसभर पुढे सरकवायचं, दुसरा काढायचा. असे सेकंदाला बारा फोटो डोळ्यांपुढून गेले की इंजिन चालताना दिसेल. सुटताना एकेक मिलिमीटर, मग दोन, मग तीन, आणि पूर्ण वेगात चार. चार मिलिमीटर सरकलं की मोठं चाक बरोबर दहा अंश फिरतं, हे तिने चाकाचा घेर मोजून काढलं होतं. रुळांच्या बाजूला तिने कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर शाईने अशा बारीक खुणा केल्या, की दादाने भिंग मागितलं.

काम दुपारचं चालायचं. खिडक्यांना काळा कागद, कारण ऊन सरकलं की फोटोतला उजेड सरकतो. कॅमेऱ्याचं तिकाटणं जमिनीत स्क्रूने आवळलेलं. धुराड्यावर तारेला कापूस गुंडाळून धूर केलेला, तो प्रत्येक फोटोला चिमटीने जरासा ओढायचा. पितळेचा बॉयलर आरशासारखा, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या माणसाचे कपडे त्यात उमटत. म्हणून आत्या रोज तोच एक काळा झगा घालायची. एकदा भाची पिवळा ड्रेस घालून चहा घेऊन आली, आणि त्या दुपारचे बासष्ट फोटो वाया गेले. आत्या तिला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं भाचीला चार दिवस वाटत राहिलं.

सरकवायचं काम आत्याचं, आणि पाहायचं काम दादाचं. खुर्चीत बसून तो चाकांवर डोळा ठेवायचा. चाक न फिरता नुसतं घसरलं की तो म्हणायचा, "घसरलं." की परत मागे घ्यायचं. आत्याला जे भिंगातून दिसत नसे ते त्याला चार फुटांवरून दिसे. सात महिने हे चाललं. जवळजवळ चार हजार फोटो काढले, त्यातले बाराशे ठेवले. भाची कवळ्या आणि दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बारीक कामाचा तिला कंटाळा नव्हता. तिने ते फोटो कॉम्प्युटरवर एकापुढे एक जोडले.

शंभर सेकंदांची फिल्म झाली. इंजिन फलाटाला उभं आहे, धूर हलतोय. मग दांडा जरासा हलतो, चाक उचल खातं, डबे ताणले जातात, आणि गाडी वेग घेत बोगद्यात शिरते. दादाने पाहिली. कंप पावणारे हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

"सुटलं," तो म्हणाला. त्यानंतर त्याने ती आणखी अकरा वेळा पाहिली.

इथवर सगळं गोड होतं. गोष्ट बिघडली ती भाचीच्या उत्साहाने, आणि तिचा तरी काय दोष? शहरात रेल्वेच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय होतं, त्यांना तिने फिल्म पाठवली. व्यवस्थापक स्वतः घरी आले. पस्तिशीचा, इस्त्रीचा, मऊ बोलणारा माणूस. इंजिन काचेच्या कपाटात ठेवू, बाजूला मोठ्या पडद्यावर फिल्म सतत चालू राहील, खाली पाटीवर तुम्हा दोघांची नावं. दादा दोन दिवस विचारात होता. तिसऱ्या दिवशी त्याने पितळ घासायला घेतलं. करारावर सह्या झाल्या. फिल्म संग्रहालयाला कायमची दिली, इंजिन पाहायला म्हणून ठेवायला दिलं.

दालन उघडलं त्या आठवड्यात तिघं बघायला गेली. दादाने ठेवणीतला कोट घातला होता. पडद्यापुढे पंधरा-वीस माणसं होती, ही तिघं त्यांच्या मागे उभी राहिली. फिल्म सुरू झाली. इंजिन सुटलं, आणि फारच घाईत सुटलं. आत्याच्या कपाळाला आठी पडली. मग इंजिनाने वेग घेतला, आणि चाकं एकाएकी थबकल्यासारखी झाली, जागच्या जागी थरथरली, आणि चक्क उलटी फिरू लागली. इंजिन पुढे चाललंय, दांडा पुढे ढकलतोय, आणि बाराही आरे मागे पळताहेत.

पोरं खिदळली. पुढे उभा असलेला एक म्हातारा, ज्याने उभा जन्म इंजिनं हाकण्यात घालवला होता हे त्याच्या बोलण्यावरूनच कळत होतं, आपल्या बायकोला म्हणाला, "बघ गं, आगगाडी पुढे आणि चाकं घराकडे. करणाऱ्याने इंजिन जन्मात पाहिलेलं दिसत नाही." आणि त्याने वाकून पाटीवरची नावं वाचली. मोठ्याने.

दादा कोटाची बटणं लावायचा प्रयत्न करत राहिला. ती लागेनात. शेवटी भाचीने लावली, आणि तो दाराकडे चालू लागला.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिने पाय हलवला नाही. तिने फिल्म परत पूर्ण पाहिली, मनगटावरच्या घड्याळावर मोजून. पन्नास सेकंद. तिसऱ्यांदा पाहिली तेव्हा तिला उमगलं. संग्रहालयवाल्यांनी एकाआड एक फोटो काढून टाकला होता. बाराशेचे सहाशे. प्रत्येक फोटोला दहा अंश फिरणारं चाक आता वीस अंश फिरत होतं, आणि दोन आऱ्यांत अंतर तीस अंशांचं. वीस पुढे जाण्यापेक्षा दहा मागे येणं डोळ्याला जवळचं वाटतं, म्हणून चाक उलटं दिसतं. गणित इतकं सरळ होतं, की तिला तिथेच भिंतीवर लिहावंसं वाटलं.

फिल्म संपली, आणि पडद्यावर संग्रहालयाचे अध्यक्ष आले. खुर्चीत बसून त्यांनी पाहुण्यांचं स्वागत केलं, आपल्या बालपणीच्या आठवणी सांगितल्या आणि शिस्तीचं महत्त्व पटवून दिलं. आत्याने तेही मोजलं. तीन मिनिटं दहा सेकंद.

दुसऱ्या दिवशी ती व्यवस्थापकांपुढे बसली होती. त्यांनी चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही. ते म्हणाले, की पडद्याचा एक फेरा चार मिनिटांचा बसवलाय, त्यात फिल्मला पन्नास सेकंदच येतात. तांत्रिक विभागाने ती 'बसवून घेतली'. शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू उपकारच केले होते. आत्याने पिशवीतून पुठ्ठ्याचं चाक काढलं, बारा आऱ्यांचं, मधे टाचणी. एकदा दहा-दहा अंश फिरवून दाखवलं, एकदा वीस-वीस. साहेबांनी पाहिलं. पाहता पाहता फोनही पाहिला.

"तुमचं म्हणणं कळलं मला," ते म्हणाले. "पण लोक तिथे दहा सेकंद थांबतात हो. चाक कुठे फिरतंय ते कोण बघतंय?"

"काल वीस माणसांनी बघितलं."

"मुलं हसत होती ना? मग झालं तर. मुलांना मजा येते, आणि आम्हाला तेच हवंय."

आत्याने आधी चाकाची टाचणी नीट बसवली. रागाच्या भरात बोललं की माणूस दोन शब्द जास्त बोलतो, आणि ती जास्तीचा शब्द कधी वापरत नसे. मग ती म्हणाली, "साहेब, कापड कमी पडलं तर शिंपी सदरा आखूड शिवतो. एकाआड एक टाका सोडत नाही. फिल्म अर्धीच दाखवा. बोगदा कापा, फलाट कापा. पण आहे ते बरोबर दाखवा."

त्यावर साहेबांना एक तोडगा सुचला, आणि तो त्यांनी मोठ्या मनाने पुढे ठेवला. इतकंच वाईट वाटत असेल, तर पाटीवरची नावं काढून टाकू.

तिला जितका राग आतापर्यंत आला होता, तो सगळा एकीकडे आणि हे एकीकडे. चूक यांची, हसं दादाचं, आणि उपाय काय, तर दादाला पुसून टाका, चूक राहू द्या. ती उठली. "नाव राहू दे," ती म्हणाली. "नाव खरं आहे. खोटं जे आहे ते काढा." आणि पुठ्ठ्याचं चाक त्यांच्याच टेबलावर ठेवून ती बाहेर पडली.

मग पत्रं सुरू झाली. तिचं अक्षर छापल्यासारखं. पहिल्या पत्रासोबत तिने आकृती जोडली, दुसऱ्यासोबत पहिल्या पत्राची नक्कल, तिसऱ्यासोबत दोन्हींची. उत्तर एकाच पत्राला आलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. भाचीने दोनदा फोन केला. एकदा साहेब मीटिंगमध्ये होते, एकदा जेवायला गेले होते. अशी बोळवण चार महिने चालली. या चार महिन्यांत दादाने फिल्मचं नाव काढलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर बरोबर फिल्म होती, तीही त्याने लावायला सांगितली नाही. मागच्या खोलीतलं रिकामं टेबल मात्र तो अधूनमधून पुसायचा.

भाची म्हणायची, आत्या, सोड ना आता, दगडावर डोकं आपटून दगड फुटत नाही. आत्या म्हणायची, डोकं आपटायला कोण चाललंय, मी सांधा शोधतेय. आणि तो तिला सापडला. एकतीस वर्षं दुसऱ्याने लिहिलेला आकडा न् आकडा वाचलेली बाई. करार तिने काढला आणि भिंग लावून परत वाचला. फिल्मवर हक्क संग्रहालयाचा, त्यात शंका नाही. पण सातव्या कलमात लिहिलं होतं, की इंजिन मालकाचंच राहील आणि पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन मालकाला ते परत नेता येईल.

ती दादाकडे गेली. इंजिन त्याचं, सही त्याची हवी. तो कागद बराच वेळ हातात धरून बसला. कागद फडफडत होता.

"घरी आणायचं?" त्याने विचारलं.

"घरी आणायचं."

सही करायला त्याला तीन प्रयत्न लागले. तिने त्याचा हात धरला नाही.

सोळाव्या दिवशी आत्या आणि भाची लाकडी पेटी घेऊन संग्रहालयात हजर. साहेब धावत आले. एवढ्या टोकाला कशाला जायचं, आपण बसून बोलू, वगैरे. आत्याने चहाला नको म्हटलं आणि सातवं कलम पुढे केलं. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, यावर घोडं अर्धा तास पेंड खात राहिलं. तोवर आजूबाजूला माणसं जमली. कुणीतरी विचारलं, का नेताय हो हे? आत्याने सांगितलं. आवाज न चढवता, अंशांसकट. एका शाळेच्या बाईंनी आपल्या वर्गाला पुढे बोलावलं आणि सगळं परत सांगायला लावलं; पडद्याकडे बोट करून आत्याने परत सांगितलं. मग मुलं हसली नाहीत. ती चाकांकडे टक लावून बघत राहिली, आणि एक मुलगी म्हणाली, की मग हे दुरुस्त का करत नाहीत? साहेब तिथेच उभे होते.

इंजिन घरी आलं. रिकामं कपाट पडद्याशेजारी तसंच राहिलं, आत फक्त मखमल आणि खाली पाटी. लोक विचारू लागले. अभिप्रायाच्या वहीत तक्रारी आल्या. तो म्हातारा ड्रायव्हर, ज्याने पहिल्यांदा टोमणा मारला होता, त्याला म्हणे शाळेच्या बाईंकडून खरी हकीकत कळली. त्याने वहीचं अख्खं पान भरून लिहिलं आणि शेवटी करणाऱ्याची माफी मागितली. पाचव्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः परदेशी पाहुण्यांना घेऊन आले आणि त्यांना अभिमानाने रिकामं कपाट दाखवून बसले.

त्यानंतर तीन दिवसांत साहेबांचा फोन आला. फिल्म पूर्ण लावली आहे, शंभरच्या शंभर सेकंद, फक्त जिन्याजवळच्या लहान पडद्यावर. मोठ्या पडद्यावर अध्यक्षांचा संदेश आहे. आता इंजिन कधी आणताय?

आत्या म्हणाली, आधी बघेन.

ती दादाला आणि भाचीला घेऊन गेली. पडदा खरंच लहान होता, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागत होते. पण इंजिन नीट सुटलं. चाकांनी उचल घेतली, आरे पुढे धावले, गाडी बोगद्यात गेली. दादा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि त्याने सलग चार वेळा पाहिली. एक बाई मुलाचा हात धरून खाली उतरत होती, ती थांबली. मुलगा म्हणाला, खरी आहे का गं ही? बाई म्हणाली, खरीच असणार, बघ ना चाकं. दादाने ऐकलं. तो हसला नाही, पण त्याने खिशातून हात बाहेर काढले आणि गुडघ्यांवर ठेवले, थरथरत होते तसेच.

वाटेत भाचीने फोनवर बातमी दाखवली. साहेबांची मुलाखत आली होती. तांत्रिक अचूकतेबाबत आमचं संग्रहालय पहिल्यापासून आग्रही आहे, असं त्यात म्हटलं होतं. आत्याने ती दोनदा वाचली.

"झालं ना आता मनासारखं?" दादाने विचारलं. "मग तोंड का असं?"

"चूक होती म्हणून दुरुस्त नाही केली त्यांनी," ती म्हणाली. "कपाट रिकामं दिसत होतं म्हणून केली. इंजिन परत दिलं, की उद्या आणखी काही 'बसवून घेतील'."

दादाने थोडा विचार केला. मग म्हणाला, की इंजिन देऊ नये असं त्यालाही वाटतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. डाव्या बाजूचा फोटो कधी काढलाच नाही. सगळी फिल्म उजवीकडून आहे. तिकडचा दांडा त्याने जास्त चांगला केलाय.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. राग होता तसाच होता, त्यात कणभर उणं झालं नव्हतं. घरी पोचल्यावर तिने साहेबांना दोन ओळींचं पत्र लिहिलं, की इंजिन सध्या कामात आहे, मिळणार नाही. आणि मुलाखतीतलं वाक्य खरं नाही, त्याचा खुलासा छापावा. खुलासा कधी छापून आला नाही. ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आठवण करून देते.

खिडक्यांना काळा कागद परत लागला आहे. कॅमेरा आता खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी आहे.